केदारी सरांचे रंग

आमच्या ऑफिसात नवीन माणूस रुजू झाला की केदारी सर पहिल्या दिवशी त्याला काहीही शिकवत नसत. ते त्याचे रंग लावून देत.

हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून आधी आमचं काम सांगते. सोमाटण्यात जुन्या हायवेला लागून एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. मोजकी माणसं बसून लांबलांबच्या गावांतल्या दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. दवाखान्याचा मुख्य कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, तिकडे एका बंद खोलीत असतो. आम्ही इकडे स्क्रीनवर एक काळी चौकट उघडतो, तिला टर्मिनल म्हणतात, आणि तिच्यात अक्षरं टाइप करून तिकडच्या सर्व्हरला हुकूम सोडतो. त्यात चित्रं नसतात, बटणं नसतात. काळ्यावर राखाडी अक्षरं, एवढंच. केदारी सर त्या चौकटीला 'खिडकी' म्हणायचे, म्हणून आम्हीही सगळे खिडकीच म्हणायला लागलो.

मी तिकोणा पेठेची. आमच्या घरातली पहिली पदवीधर. लोणावळ्याला कॉलेज केलं, बी.एस्सी. झाले आणि ही नोकरी मिळाली तेव्हा आईने शेजारपाजारी पेढे वाटले. कामावर जायच्या आदल्या आठवड्यात मी सगळ्या कमांड पाठ केल्या होत्या. कुणी काहीही विचारलं तरी अडायला नको, एवढीच धास्ती. पहिल्या दिवशी केदारी सरांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली. पन्नाशी उलटलेले, पांढरा शर्ट, राखाडी पँट, चष्मा कपाळावर.

"कमांड पाठ करून आलीस वाटतं?"

"हो सर."

"चांगलं केलंस. त्या काही पळून जात नाहीत. आधी मला सांग, तुला कशाकडे बघत बसायला आवडतं?"

मला वाटलं, ही पण परीक्षाच. मी म्हणाले, "अभ्यासाच्या पुस्तकाकडे."

ते इतक्या जोरात हसले की कपाळावरचा चष्मा नाकावर आला. "अगं, नोकरी लागली तुला. आता मार्क नाहीत. खरं सांग."

मग मी खरं सांगितलं. आमच्या घराच्या मागून पवनेच्या धरणाचं पाणी दिसतं. संध्याकाळी गुरं आत बांधून झाली की मी तिथे दगडावर बसायचे.

"संध्याकाळी आभाळ पाण्यापेक्षा फिकट असतं की गडद?"

"फिकट."

"आणि डोंगर?"

"डोंगर सगळ्यात गडद."

"मग झालं तर," म्हणाले आणि माझ्या खिडकीची सेटिंग उघडून बसले.

तिथे प्रत्येक रंगासाठी तीन आकडे द्यावे लागतात. किती लाल, किती हिरवा, किती निळा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दोनशे पंचावन्न म्हणजे पुरेपूर. पार्श्वभूमीचे तीन, अक्षरांचे तीन, फोल्डरच्या नावांचे तीन, चूक झाल्याच्या सूचनांचे तीन. सर आकडे टाकायचे आणि विचारायचे, "असं?" मी म्हणायचे, थोडं फिकट. ते आकडा बदलायचे. "आता?" थोडं निळसर. "आता?" सरांना कंटाळा म्हणून नव्हता. मुळात त्या खिडकीत फोल्डरची नावं काळ्यावर गडद निळ्या रंगात येतात, ती कुणालाच धड वाचता येत नाहीत. "हे ज्याने ठरवलं त्याने स्वतः रात्रपाळी केली नसणार," म्हणायचे. त्या निळ्याला ते हमखास थोडा उजेड द्यायचे.

दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत माझ्या दोन खिडक्या तयार झाल्या. एक संध्याकाळच्या आभाळासारखी फिकट, एक डोंगरासारखी गडद. प्रत्येक दवाखान्याचे दोन सर्व्हर असतात. एक चालू, ज्यावर खरे रुग्ण नोंदवले जातात. दुसरा सरावाचा, ज्यावर आम्ही आधी करून बघतो. दोघांची नावं जवळजवळ सारखी, शेवटचं एखादं अक्षर वेगळं. सरांचा नियम असा की कुणाचा रंग कुठलाही असो, चालू सर्व्हरची खिडकी फिकट आणि सरावाची गडद. "दिवस आणि रात्र," ते म्हणायचे. "दिवसा माणसं जागी असतात. तिथे जपून."

मग मी खिडकी बंद केली आणि पुन्हा उघडली, तर सगळं परत काळं! मी रडकुंडीला आले. सर शांतपणे म्हणाले, "रंग लावलेस, पण सेटिंगच्या पहिल्या पानावर जाऊन सेव्ह कोण करणार? होतं असं. सगळ्यांचं होतं." आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो. नंतर कळलं की ते हे मुद्दाम सांगायचे नाहीत. एकदा गेल्याशिवाय जपायचं लक्षात राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

ऑफिसातल्या प्रत्येकाच्या स्क्रीनवर सरांनी असं काहीतरी लावून दिलेलं होतं. आमच्यातला थोरात म्हणाला होता, माझ्या गाडीसारखा रंग द्या. सर म्हणाले, "तुझी गाडी धुतल्यावर कशी दिसते हे कुणाला माहीत आहे का इथे?" शेवटी थोरातला त्याच्या आईच्या हातच्या आमटीसारखी खिडकी मिळाली आणि तो अजून ती वापरतो.

सरांच्या आणखी दोन सवयी सांगायला हव्यात. एक म्हणजे, कुठलीही मोठी कमांड टाइप केली की ते दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे. मग ती ओळ मराठीत मोठ्याने वाचायची. "जुन्या फायली पुसा, विचारू नका." "सर्व्हर बंद करा, आत्ता." वाचून झाल्यावर एक बोट पुढे करून एंटर. "हात कीबोर्डवर असला की तो डोक्याचं ऐकत नाही," असं ते सांगायचे. पहिले काही दिवस मला हसू यायचं. नंतर मीही मांडीवर हात ठेवायला लागले. आता घरी गॅस बंद करतानाही कधी कधी ठेवते.

दुसरी सवय चिक्कीच्या चुऱ्याची. सर लोणावळ्याचे. त्यांचा एक बालमित्र चिक्कीच्या दुकानात होता. चिक्कीच्या वड्या कापताना जो चुरा पडतो तो गिऱ्हाइकाला देत नाहीत. सर तो पिशवी भरून आणायचे आणि निलोफरच्या खणात ठेवायचे. निलोफर आमच्याकडे नवीनच लागली होती, अजून कायम झाली नव्हती, पण खणाचं कुलूप फक्त तिचंच लागायचं. तर ज्याच्या हातून चूक होईल आणि जो ती स्वतःहून मोठ्याने सांगेल, त्याला आधी मूठभर चुरा आणि मग चूक दुरुस्त करायला मदत. "चूक सांगितली की चुरा," हा नियम. थोरात तर म्हणायचा, सर, भूक लागली, एखादी चूक करू का?

पहिला पगार झाल्यावर मी सरांना घरी जेवायला बोलावलं. ते कामशेतवरून पवनानगरमार्गे स्कूटरवर आले. ऊन मी म्हणत होतं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, धरणाच्या बाजूच्या पट्ट्यात टोमॅटो तोडत होते. दुसऱ्या दिवशी माल जायचा होता.

सर सरळ बांधावरून आत उतरले. "आबा, द्या एक पाटी."

"सर, तुमी कशाला? हितं सावलीत बसा की. जेवान हुईलच आता."

"वर्षभर बसायचंच काम करतो मी. द्या."

आबांनी पाटी दिली. सर एका ओळीत शिरले आणि मान खाली घालून अगदी मन लावून तोडू लागले. ओळ संपवून आले तेव्हा पाटी काठोकाठ भरली होती. तिच्यात लालभडक टोमॅटो होते, अर्धेकच्चे होते आणि अगदी हिरवेगार, दगडासारखे कडकही होते. मी हसून काहीतरी बोलणार, एवढ्यात आबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"झ्याक काम केलं सर," आबा म्हणाले. त्यांनी ती पाटी उचलून वेगळ्या ढिगावर ओतली. "लांबच्या बाजाराला असंच मिसळ लागतंय. वाटंनं पिकत जातंय."

सरांचा चेहरा उजळला. जेवताना त्यांनी आईच्या भाकरीचं आणि आबांच्या शेताचं तोंडभरून कौतुक केलं. आई म्हणाली, "वाढ गं अजून, सर लाजत्यात," आणि ते खरंच लाजले.

सर गेल्यावर आबा अंगणात पाय धुता धुता म्हणाले, "तुज्या सरांना लाल-हिरवं कळत न्हाई."

"काहीतरीच काय आबा! ऑफिसात सगळ्यांना रंग तेच लावून देतात."

"मग इचारून लावत असतील."

मी तशीच उभी राहिले. असं? आता? फिकट की गडद? मला सगळं ऐकू यायला लागलं. पांढरे शर्ट आणि राखाडी पँटी डोळ्यांपुढे आल्या.

"आपल्या बबनमामाचं तसंच हाय," आबा पुढे म्हणाले. "गाय तांबडी का काळी इचारलं की भडकतो. तू काय बोलू नगंस. त्यांचं त्यांना सांगू दे. लय चांगला मानूस हाय."

मी कुणाला बोलले नाही. पण त्यानंतर मी सरांना काम करताना वेगळ्या नजरेने बघायला लागले. ते रंग बघतच नव्हते. ते उजेड बघत होते. कुठली गोष्ट फिकट, कुठली गडद, कुठल्या दोन गोष्टींत अंतर पुरेसं आहे. आणि बाकीचं सगळं ते आम्हाला विचारत होते. त्यांच्या त्या विचारण्यातून आम्हाला आमचे आवडते रंग मिळाले होते.

पुढच्या वर्षी आमच्या पुण्याच्या मुख्य ऑफिसने एक नियम काढला. दुसऱ्या एका शाखेत कुणीतरी चालू सर्व्हर समजून सरावाच्या सर्व्हरवर दिवसभर नोंदी केल्या होत्या. तसं परत होऊ नये म्हणून सगळ्या शाखांत एकच पद्धत ठरली. चालू सर्व्हरची खिडकी गडद लाल, सरावाची गडद हिरवी. पुण्याहून साठे मॅडम स्वतः सांगायला आल्या. कडक बाई, पण सरळ. त्यांनी भिंतीवर दोन्ही खिडक्या मोठ्या करून दाखवल्या आणि म्हणाल्या, "आता लहान मूलसुद्धा चुकणार नाही. कुणाला काही शंका?"

मी सरांकडे बघितलं. ते त्या भिंतीकडे बघत होते. त्यांना तिथे काय दिसत असेल? मी नंतर वाचून काढलं की अशा माणसाला गडद लाल आणि गडद हिरवा दोन्ही एकाच मातकट रंगाचे दिसतात. त्या भिंतीवर सरांना एकच खिडकी दोनदा दिसत होती.

निलोफरने सहज विचारलं, "सर, तुमचे सगळे रंग जाणार. चालेल ना तुम्हाला?"

"न चालायला काय झालं?" सर म्हणाले. "सोपं आहे की."

सगळ्यांनी रंग बदलले. थोरातने आमटीच्या खिडकीला हात जोडले. फक्त सरांनी आपल्या मशीनवर बदलले नाहीत. त्यांचं टेबल भिंतीला लागून होतं, स्क्रीन कुणाला दिसायची नाही. मला दिसायची, कारण कागद घ्यायला मी त्या बाजूने जायचे.

एकदा मी धीर करून म्हणाले, "सर, खिडकीच्या वरच्या पट्टीवर सर्व्हरचं नाव मोठ्या अक्षरांत आणता येतं. सगळ्यांच्या मशीनवर लावून देऊ का?"

"कशाला? मला चष्मा आहे, शुभांगी."

एवढं कोरडं ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मी जागेवर येऊन बसले.

मग तो दिवस आला. सकाळची गडबडीची वेळ. एका दवाखान्याचा सरावाचा सर्व्हर बंद करून त्याची डिस्क बदलायची होती. निलोफरने ते काम कधी केलं नव्हतं. सर म्हणाले, चल, दाखवतो, आणि तिच्या खुर्चीवर जाऊन बसले. तिच्या स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या, शेजारी शेजारी. नेमका त्याच वेळी तिला एक फोन आला. आत रेंज नसते म्हणून ती गॅलरीत गेली. "सर, एक मिनिट."

सरांनी कमांड टाइप केली. हात मांडीवर ठेवले. मला माझ्या जागेवरून त्यांचा आवाज ऐकू आला. "सर्व्हर बंद करा, आत्ता." मग कीबोर्डचा एक टिक आवाज.

सरांनी कमांड वाचली होती. पण खिडकी कुठली, हे त्यांनी कायम उजेडावरून ओळखलं होतं, नावावरून नाही. आणि त्या स्क्रीनवर उजेडाचा फरकच उरला नव्हता.

निलोफर परत येईपर्यंत टेबलावरचा फोन वाजला. दवाखान्याच्या नोंदणीवरच्या बाई होत्या. "अहो, सगळं गेलं आमचं! केसपेपर निघत नाहीये. बाहेर रांग लागलीये, माणसं ओरडतायत."

सर्व्हर नुसता अडकला असता तर आम्ही इथून सोडवला असता. पण इथून बंद केलेला सर्व्हर इथून चालू करता येत नाही. तिकडे कुणीतरी जाऊन बटण दाबावं लागतं. खोलीची किल्ली ज्या माणसाकडे, तो चहाला गेलेला. बाईंनी हाताने केसपेपर लिहायला घेतले. फोन चालूच होता आणि मागून एका लहान मुलाच्या रडण्याचा आवाज सारखा येत होता. निलोफर त्यांना धीर देत होती, थोरात किल्लीवाल्याचा नंबर शोधत होता, आणि सर तिच्या खुर्चीत तसेच बसून होते. किल्लीवाला सापडला, बटण दाबलं गेलं, हळूहळू सगळं परत उभं राहिलं. कुणाचं काही बिघडलं नाही. नुसता खोळंबा झाला.

त्यानंतर साठे मॅडमचा फोन आला. त्यांना तिकडे नोंद दिसत होती. फोन स्पीकरवर होता.

"हुकूम निलोफरच्या मशीनवरून गेलाय. निलोफर, खिडकी लाल होती ना? दिसली नाही तुला?"

निलोफरने सरांकडे बघितलं. एका वाक्यात तिची सुटका होती. ती बोलली नाही.

"मी काय विचारतेय? हे बघ, तू अजून कायम नाहीस. असं असेल तर मला पुढचा विचार करावा लागेल."

"मॅडम, ते..." निलोफर थांबली.

सर स्क्रीनकडे वाकले. अगदी हळू आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "यातली लाल कुठली?"

तिने आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग बोट दाखवलं. सरांनी मान हलवली आणि फोन जवळ ओढला.

"मॅडम, केदारी बोलतोय. त्या खुर्चीवर मी होतो. सर्व्हर मी बंद केला. निलोफर जागेवर नव्हती."

"तुम्ही? केदारी, तुम्ही चुकलात?"

"मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून."

खाली टायरच्या दुकानात हवा भरायचं मशीन चालू होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"अहो पण," मॅडमचा आवाज बदलला होता, "तुमच्या शाखेत सगळ्यांना रंग तुम्हीच लावून देता ना?"

"विचारून लावतो."

"मग मीटिंगमध्ये का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं सगळ्यांना. आपण दुसरे रंग घेतले असते. काय होतं त्यात एवढं?"

"तुमच्यासाठी काही नव्हतं, मॅडम," सर म्हणाले. "माझ्यासाठी होतं."

मॅडम म्हणाल्या, निर्णय होईपर्यंत चालू सर्व्हरवर काम करायचं नाही. सर 'बरं' म्हणाले. फोन ठेवला. मग त्यांना उठायचं सुचेना. निलोफरने खण उघडला, पिशवी काढली आणि एका कागदावर मूठभर चुरा त्यांच्यापुढे ठेवला.

"सर, नियम तुमचाच आहे. खाना पडेगा."

त्यांनी एक तुकडा उचलला. थोरात म्हणाला, "सर, आम्हालाही द्या. तुमची चूक मोठी आहे, एकट्याला संपायची नाही." तेव्हा कुठे ते हसले.

संध्याकाळी आम्ही तिघं-चौघं खाली चहाला थांबलो. तिथे सरांनी आपणहून सांगितलं. त्यांचे वडील रेल्वेत ड्रायव्हर होते. घाटात गाडीला मागून रेटणारी इंजिनं असतात, त्यातल्या एका इंजिनावर. मुलानेही तेच करायचं हे घरात ठरल्यासारखं होतं. लेखी परीक्षा झाली, मग डोळ्यांची तपासणी. रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक असतं, त्यात लपलेले आकडे वाचायचे.

"डॉक्टर पानं उलटत होते आणि मी अंदाजाने आकडे सांगत होतो," सर म्हणाले. "मला वाटलं, निदान एखादा तरी बरोबर येईल. वडील बाहेर बाकावर बसलेले. घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, याला अंधार पडल्यावर सायकल देत जाऊ नको."

"ओरडले नाहीत?" निलोफरने विचारलं.

"ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून घरात मला कुणी रंगाचं नाव घेऊन काही आणायला सांगितलं नाही. तो अमुक डबा आण, तो कोपऱ्यातला टॉवेल आण. सगळे जपायला लागले मला. मग मीही ठरवलं, परत कुणावर ही वेळ आणायची नाही. कुणाला कळूच द्यायचं नाही."

थोरातने चहाचा ग्लास खाली ठेवला. "सर, सगळ्यांना आवडेल ते विचारून देणारा माणूस स्वतःला काय पाहिजे ते सांगत नाही, हे बरोबर नाही राव."

सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

पुढचे काही दिवस वाईट गेले. सर वेळेवर यायचे, पांढरा शर्ट घालून भिंतीजवळ बसायचे आणि सरावाच्या सर्व्हरवर किरकोळ कामं करायचे. दवाखान्यांचे फोन आले की सवयीने हात पुढे करायचे आणि मागे घ्यायचे. नोकरी जाईल अशी भीती त्यांना नव्हती. ते म्हणाले, "कागदावर परत तोच शब्द आला, अनफिट, तर मी स्वतःच घरी बसेन. दुसऱ्यांदा तो शब्द वाचणं नाही जमणार मला."

निलोफरने आणि मी मिळून साठे मॅडमना लिहिलं. सर कसं काम करतात, कसे रंग ठरवतात, आम्हाला काय शिकवलं, सगळं. थोरातने खाली एक ओळ घातली की ज्यांना रंग दिसतात अशा आम्ही सगळ्यांनी याच्या दुप्पट चुका केल्या आहेत आणि चुऱ्याची पिशवी त्याला साक्ष आहे. मी ती ओळ खोडणार होते. निलोफर म्हणाली, राहू दे, खरंय.

मॅडम आल्या. सरांना घेऊन बसल्या. दार उघडंच होतं. मॅडम वही-पेन न काढता नुसत्या खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "केदारी, मला दाखवा तुम्हाला कसं दिसतं ते." सरांनी दाखवलं. मग उलट सरांनीच विचारायला सुरुवात केली. "मॅडम, हे तुम्हाला कसं दिसतं? आता? आता?" दुपार तशीच गेली.

सगळ्या शाखांचे रंग बदलले. चालू सर्व्हरची खिडकी फिकट पिवळी, सरावाची गडद निळी, आणि वर मोठ्या अक्षरांत नाव. सरांना चालू सर्व्हर परत मिळाला. पण मॅडमनी एक अट घातली. सरांनी मोठी कमांड द्यायची असेल तर शेजारी कुणीतरी बसायचं, सर्व्हरचं नाव त्याने वाचायचं, मग सरांनी एंटर दाबायचं. सरांना ते लागलं. इतकी वर्षं जो दुसऱ्यांच्या शेजारी बसला, त्याच्या शेजारी आता आम्ही बसणार होतो. पहिल्या दिवशी मी बसले तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाच बाई." आठवडाभराने म्हणू लागले, "माझी मैना कुठे गेली? या, बसा." आणि निवृत्त होईपर्यंत एकही मोठी कमांड त्यांनी एकट्याने दिली नाही. आम्ही कधी कधी विसरायचो. ते थांबायचे.

निवृत्तीनंतर त्यांची भेट कमी झाली. फोनवर बोलायचे. नवीन कोण आलं, त्याला काय आवडतं, विचारायचे. नव्या माणसाचे रंग आता मी लावून देते. माझे डोळे ठीक आहेत, पण मीही विचारतेच.

गेल्या श्रावणात माझ्या चुलतबहिणीसाठी बांगड्या घ्यायला मी लोणावळ्याच्या बाजारात गेले होते. बांगड्यांचं दुकान चिंचोळं, बायकांनी गच्च भरलेलं. मी आतल्या बाजूला, रांगेत उभ्या केलेल्या बांगड्यांच्या मागे होते. तेवढ्यात दारातून ओळखीचा आवाज आला, चांगला मोठा, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा.

"मावशी, लेकीचं डोहाळजेवण आहे. हिरव्या बांगड्या पाहिजेत. आणि एक सांगतो, मला हिरवा रंग कळत नाही. तुम्हीच बघून द्या. लाल दिल्यात तर लेक घरात घ्यायची नाही मला."

बांगडीवाल्या मावशी म्हणाल्या, "अहो भाऊ, मी कशाला लाल देऊ? ह्या बघा की, कशा हिरव्यागार आहेत."

"मला बघायला लावू नका, तेच तर सांगतोय!"

बायका हसल्या. एक जण पुढे झाली. "खरंच कळत न्हाई व्हय ओ? मग ही माझी साडी कशी दिसती?"

सरांनी चष्मा नाकावर घेऊन साडी नीट बघितली. "छान दिसते. रंग तुम्ही सांगा."

"मोरपंखी हाय!"

"मोरपंखी कुठं गं," दुसरी म्हणाली, "ह्यो तर राघूचा रंग."

"राघू असतोय का असला? भाऊ, हिचं ऐकू नका. राघू म्हंजे कोवळं भात असतंय ना, तसा."

"अन् बांगड्या हायेत त्या चिंचेच्या पानावानी. कोवळ्या न्हाई, जून पानावानी."

"म्हणजे जरा गडद," सर म्हणाले.

"गडद, पण उन्हात धरलं की आतनं उजेड येतोय बघा. हे असं."

मावशींनी बांगड्यांचा डबा त्यांच्या हातात दिला होता. गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण कुणाला घाई नव्हती. मी हाक मारली नाही. बायका एकमेकींचं बोलणं तोडत त्यांना हिरवा रंग समजावून सांगत होत्या, आणि सर डब्याचं झाकण उघडं धरून ऐकत उभे होते.